शेअरिंगची पुस्तकं वाचूनही मूल 'माझं माझं'च करतंय? या चुका टाळा

घरात शेअरिंगवरची चार-पाच पुस्तकं असतात, रोज रात्री वाचूनही होतात आणि तरी शेजारचं पोर आलं की आपलं पोर गाडी छातीशी धरून किंचाळतं. बहुतेक वेळा पुस्तक बरं असतं, गडबड आपल्या वापरात असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भांडण चालू असतानाच पुस्तक काढणं. "बघ, सशाने कसं दिलं, आणि तू?" असं म्हटलं की ते पुस्तक ओरडा खायची वस्तू होतं, मग रात्री तेच काढलं की पोर तोंड फिरवणारच ना. भांडण वेगळं सोडवा, पुस्तक निवांत वेळी. आणि शेवटी "मग काय शिकलास?" ही तोंडी परीक्षा तर प्लीज नकोच, त्यापेक्षा मधल्याच पानावर रडणाऱ्या पोरीकडे बोट दाखवून "हिला काय झालं असेल?" एवढं विचारा, उत्तर नाही आलं तर पुढचं पान.

वयाचं पण बघा. दीड-दोन वर्षांची मुलं एकमेकांशेजारी बसून आपापलंच खेळतात, त्यात स्वार्थीपणा वगैरे काही नसतो. त्यांना जाड पुठ्ठ्याचं पुस्तक द्या आणि एक पान तू उलट, एक मी, बास.

प्राण्यांच्याच गोष्टी घेत असाल तर एक गंमत सांगते. टोरोंटोमधल्या संशोधकांचा २०१७ सालचा एक अभ्यास आहे, त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना शेअरिंगचीच गोष्ट वाचून दाखवली, काहींना प्राण्यांची आणि काहींना माणसांची. माणसांच्या गोष्टीनंतर मुलांनी आपले जास्त स्टिकर दुसऱ्यांना दिले, प्राण्यांच्या गोष्टीनंतर तसं झालं नाही. एका अभ्यासावरून ससे-कोल्हे रद्दीत घालू नका, पण झोक्यासाठी भांडणारी खरी मुलं असलेलं एखादं पुस्तक ठेवाच. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, तिथे शोधा.

मग 'रेनबो फिश'. मार्कस फिस्टरचं हे १९९२ चं पुस्तक खूप घरांत असतं, चित्रं झकास, पण त्यातला मासा स्वतःचे चमकणारे खवले वाटतो तेव्हा त्याला मित्र मिळतात. मला हे खटकतं, कारण आपल्याकडे "तू मोठा ना, देऊन टाक" तसंही जरा जास्तच चालतं. वाचा, पण "त्याने नाही म्हटलं असतं तर?" हे विचारा आणि मूल "मग नाही द्यायचा" म्हणालं तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका.

एवढं करूनही पाहुणे आले की रडारड होत असेल तर ते यायच्या आधीच मुलालाच विचारून त्याची दोन लाडकी खेळणी कपाटात ठेवा, बाकीची सगळ्यांची, आणि गाडी एकच असेल तर मोबाइलवर टायमर लावून नंबर लावा.