मोटार अपघातातील गंभीर जखमींचा भरपाई दावा: या चुका टाळा

गंभीर जखमीचा भरपाई दावा पुष्कळदा अपघाताच्या रात्रीच बिघडतो, आणि तो बिघडवणारा माणूस जखमीवर जिवापाड प्रेम करणारा नातेवाईकच असतो. रुग्णालयात डॉक्टर विचारतात, काय झाले? घाबरलेला भाऊ किंवा काका, पोलिसांचे लचांड मागे लागू नये आणि उपचार लगेच सुरू व्हावेत म्हणून, ‘गाडी घसरून पडला’ असे सांगून मोकळा होतो. डॉक्टर ते वाक्य केस पेपरवर ‘हिस्टरी’ म्हणून उतरवून घेतात. पुढे रुग्ण मोठ्या रुग्णालयात हलवला जातो तेव्हा तीच ओळ तिथल्या कागदांवर जाते, डिस्चार्ज कार्डावर छापली जाते आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत अर्जदारासमोर ठेवली जाते.

माझ्या वकिलीत असेच एक प्रकरण आले होते. मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्या तरुणाला मागून कारने धडक दिली होती. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते आणि डोक्यालाही मार होता. चुलत्यांनी पहिल्या रुग्णालयात ‘घसरून पडला’ असे सांगितले आणि पोलीस ठाण्यात खबर दिली ती एकोणीस दिवसांनी, मुलगा शुद्धीवर येऊन बोलू लागल्यावर. विमा कंपनीचा बचाव सरळ होता: अपघातात दुसरे वाहन नव्हतेच, विम्याची रक्कम मिळावी म्हणून ही कार नंतर घुसवण्यात आली. एकोणीस दिवसांनी केलेल्या घटनास्थळ पंचनाम्यात ना काचा होत्या, ना टायरच्या खुणा. आम्हाला तारले ते रुग्णवाहिकेच्या नोंदीच्या कागदाने, कारण त्यावर सोबतच्या कर्मचाऱ्याने ‘कारची धडक’ असे दोन शब्द लिहिले होते. तो कागद मिळवून, संबंधित कर्मचाऱ्याची साक्ष नोंदवून दावा उभा राहीपर्यंत तीन वर्षे निघून गेली, आणि त्या तीन वर्षांत त्या घराने उपचारांसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज भरले.

म्हणून अपघातग्रस्ताच्या घरून पहिला फोन येतो तेव्हा मी केस पेपरच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मागवतो. ओळ चुकीची असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन, खरी हकीकत कोणी सांगितली याच्या उल्लेखासह, नवी तारीखवार नोंद करून घ्यावी. जुन्या ओळीवर खाडाखोड मात्र कधीही करू देऊ नये, कारण खाडाखोड चुकीपेक्षाही जास्त संशय निर्माण करते. खबर देण्यास उशीर झालाच असेल तर तो का झाला, हे खबरेतच लिहावे.

दुसरी चूक माझ्या व्यवसायातल्या नवख्या मंडळींची आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे: अपंगत्वाचा दाखला जोडायचा, आकडा वाचून दाखवायचा आणि पुरावा संपला असे म्हणायचे. दाखल्यावरचे टक्के शरीराचे असतात, कमाईचे नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे की न्यायाधिकरणाने, म्हणजे मोटार अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायासनाने, त्या अपंगत्वाचा अर्जदाराच्या कमावण्याच्या क्षमतेवर झालेला परिणाम पाहायचा असतो. हात गमावलेल्या सुताराचे किंवा चालकाचे नुकसान जवळपास पूर्ण असू शकते, तर सरकारी कारकुनाची नोकरी तशीच टिकू शकते.

फरशी बसवणाऱ्या एका कारागिराचे उदाहरण घ्या. वय ३४, महिन्याची कमाई १८,००० रुपये. उजवा गुडघा अर्ध्यावरच वाकतो आणि दाखल्यावर ३० टक्के अपंगत्व आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या २०१७ च्या निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की महिना २५,२०० रुपये होतात, म्हणजे वर्षाला ३,०२,४००. या वयाला लागू होणारा गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, १६ आहे, म्हणून पूर्ण नुकसान ४८,३८,४०० रुपये. दाखल्याचे ३० टक्के जसेच्या तसे धरले तर हाती १४,५१,५२० रुपये येतात. हे टक्के केवळ पायाचे आहेत, संपूर्ण शरीराचे १० टक्केच होतात, असे विमा कंपनीने पटवून दिले तर ४,८३,८४०. आणि उकिडवे बसता न येणारा माणूस फरशी बसवूच शकत नाही, हे डॉक्टरांच्या आणि ठेकेदाराच्या साक्षीतून सिद्ध होऊन न्यायाधिकरणाने ७५ टक्के मानले तर ३६,२८,८००. एवढा फरक पडत असताना, डॉक्टर तारखेला येत नाहीत म्हणून त्यांची साक्षच सोडून देणे मला अक्षम्य वाटते. मी डॉक्टरांना आधी जाऊन भेटतो, अर्जदाराचे काम नेमके कोणत्या हालचालींवर चालते ते त्यांना समजावून सांगतो आणि मगच समन्स काढतो.

उत्पन्नाच्या बाबतीत उलटी चूक होते, म्हणजे ते फुगवून सांगितले जाते. बँकेचे खाते एक बोलते आणि अर्जदार दुसरेच, असे दिसले की त्याच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

घाईने केलेली तडजोड ही तिसरी मोठी चूक आहे. पायातील सळई काढायची बाकी आहे, हाड पूर्ण जुळलेले नाही, आणि तरीही लोकअदालतीची तारीख जवळ आली म्हणून सही केली जाते. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. पुढची शस्त्रक्रिया मग स्वतःच्या खिशातून करावी लागते. याहून कमी लोकांना ठाऊक असलेला धोका कलम १६४ मध्ये आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर जखमीला अडीच लाख रुपये मिळू शकतात. पण कलम १४९ मधील कार्यपद्धतीने विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातील दावा संपुष्टात येतो. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाने असा कागद न वाचता सही केली, तर नंतर मला त्याच्यासाठी फारसे काही करता येत नाही. गरज मोठी असते, घरात पैसा नसतो, हे मी जाणतो. पण तातडीच्या उपचारांसाठी २०२५ पासून अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोखविरहित उपचारांची केंद्र सरकारची योजना आहे, तिची चौकशी आधी करावी.

रुग्णालयाच्या आवारात भेटून ‘एक रुपया देऊ नका, निकाल लागला की टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्या मध्यस्थांच्या हाती कोरे वकीलपत्र आणि कोरे धनादेश कधीही देऊ नयेत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला भरपाईच्या रकमेतील वाटा फी म्हणून ठरवता येत नाही आणि अशिलांमागे फिरून काम मिळवता येत नाही. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

दावा दाखल करण्याच्या मुदतीचे गणित अपघातापासून सहा महिन्यांचेच धरावे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणीही बसून राहू नये. अपघात परगावी झाला म्हणून दावाही तिथेच करावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. जखमी जिथे राहतो तिथेही तो दाखल करता येतो. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, कारण इथे पुराव्याचा निकष वेगळा आहे. औषधांच्या दुकानातील बिलांची शाई वर्षभरात उडते, म्हणून ती आणल्या दिवशीच त्यांची छायाप्रत काढून मूळ बिलासोबत टाचावी.

शेवटची चूक कोणाला चूक वाटतच नाही, ती म्हणजे सेवेचा खर्च न मागणे. घरातल्या बाईने नोकरी सोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे केले तरी ‘ते तर कर्तव्यच’ म्हणून त्याचा उल्लेखही होत नाही. अपघातात कायमची परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन परिचारकांचा महिन्याचा खर्च १०,००० रुपये धरून १८ च्या गुणकाने केवळ याच कारणासाठी २१,६०,००० रुपये मंजूर केले होते. म्हणून पत्नी किंवा आई भेटायला येते तेव्हा तिने काम कोणत्या तारखेला सोडले, तिचा शेवटचा पगार किती होता आणि दिवसात किती वेळा रुग्णाची कूस बदलावी लागते, हे मी पहिल्याच भेटीत लिहून घेतो आणि तिचे स्वतंत्र शपथपत्र दाखल करतो.