विजापूरची एका दिवसाची सहल: या चुका टाळा

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. त्यामुळे 'सकाळी निघू, रात्री घरी' असं म्हणून पंधरा-वीस जणांची टोळी सहज निघते. आणि बहुतेकांची सहल घराच्या दारातच बिघडते.

आमचीही बिघडली होती. सातला निघायचं ठरलं, गाडी हलली नऊला. रस्त्यात चहा, मग वडा, मग परत चहा. गोलघुमटाच्या वरच्या सज्जात पोचलो तेव्हा तिथे तीन शाळांच्या सहली होत्या आणि प्रत्येक पोराला एकदा तरी किंचाळायचंच होतं. आत घुमटाचा व्यास जवळजवळ अडतीस मीटर आहे. एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या बाजूला ऐकू येतं. आम्हाला ऐकू आला तो फक्त कल्ला.

उपाय एकच: पहाटे पाचला निघा आणि नाश्ता घुमट पाहून झाल्यावर करा. वर गेल्यावर टोळीचे दोन भाग करून समोरासमोर उभे राहा. एकाने तोंड भिंतीकडे करून हळू बोलायचं, समोरच्याने कान भिंतीला लावायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. गर्दी आधीच झाली असेल तर भांडू नका. घुमटाबाहेरच्या गच्चीवर शहर बघत बसा, एखादी शाळा खाली उतरली की आत शिरा.

गुडघेदुखीवाल्यांना 'चला हो, जमेल' म्हणत ओढत नेणं ही दुसरी चूक. वर जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातला अरुंद जिना आहे. खाली थांबलेल्यांचं काही बुडत नाही. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायला एकमेकींत गुंतलेल्या कमानी कशा वापरल्यात, ते खालूनच नीट दिसतं. मध्ये एकही खांब नाही. विजापूरचा सुलतान मुहम्मद आदिलशहा १६५६ साली गेला, त्याची ही कबर. समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीतही नमाजाची गर्दी असते, म्हणून शक्यतो तो वार टाळाच.

सगळ्यात मोठी चूक मात्र 'गोलघुमट झाला, म्हणजे विजापूर झालं' ही. घुमट शहराच्या पूर्वेला, तर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर असलेला इब्राहिम रोजा पश्चिमेला. पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेलात तर उलटसुलट फेऱ्या वाचतात: जामा मशीद, बाराकमान ही अर्धवट राहिलेली कबर, मग तटाच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ. या तोफेपाशी फोटो काढून पळू नका. पंचावन्न टनांची ही तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतली गेली. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे, त्याच्या दाढेत हत्ती. एवढं धूड विजापूरला आणलं कसं असेल, यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला आणि तो सहलीतला सगळ्यात चांगला अर्धा तास होता.

जेवणासाठी वीस जण अचानक खानावळीत शिरलात तर ज्वारीची गरम भाकरी एकेक करून येते आणि तासभर जातो. आधी फोन करा, नाहीतर कडक भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाचटणी मागा.

वेळ कमी पडलाच तर बाराकमान गाडीतून बघा, उपली बुरूज हा उंच टेहळणी बुरूज सोडा. इब्राहिम रोजा सोडू नका. १६२७ मध्ये गेलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा सरस्वतीची स्तुती लिहिणारा सुलतान होता. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. चपला काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तापतो, म्हणून उन्हं कलल्यावर जा, मोजे जवळ ठेवा. दगडी खिडक्यांची जाळी म्हणजे कोरलेली अक्षरंच आहेत, त्यांतून उजेड आत येतो. तिथे ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तरी आणखी दहा मिनिटं मागून घ्या.