डाळिंबात मधपेट्या उतरवण्याआधी

सांगोला-पंढरपूरकडे डाळिंबाच्या बहरात भाड्याने मधपेट्या आणायच्या असतील, तर मालकाची ‘मधुक्रांती’ पोर्टलवरची नोंदणी आधी विचारा. राष्ट्रीय मधमाशी मंडळाचं हे पोर्टल २०२१ पासून सुरू आहे. पण नुसता कागद बघून पेट्या उतरवू नका, अळ्यांची एक फ्रेम (पोळ्याची चौकट) उन्हाकडे धरून बघाच. निरोगी अळी पांढरीशुभ्र, चकचकीत असते. पिवळट, वेडीवाकडी पडलेली दिसली आणि आंबूस वास आला, तर युरोपियन फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्या. सातेरीच्या (आपल्याकडच्या देशी मधमाशीच्या) पेटीत मेलेली अळी चिमट्याने उचलल्यावर पाणी भरलेल्या पिशवीसारखी निघाली, तर बहुधा सॅकब्रूड. तो विषाणूचा रोग; त्यावर अँटिबायोटिक घालणं म्हणजे मधात औषध मिसळणं, बाकी काही नाही. अशी पेटी लांब ठेवा, तिच्या फ्रेम दुसरीकडे घालू नका आणि पटाशी (पेटी उघडायचं हत्यार) धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडू नका.