हाय बीमचा उजेड कमी पडतोय? बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

अप्पर मारला की डॅशबोर्डवर निळा दिवा लागतो, पण रस्ता काही पुढे सरकत नाही. वळण, खड्डा, कडेने चालणारा माणूस हे सगळं उशिराच दिसतं. अशी तक्रार घेऊन दुकानात गेलं की हातात नवा बल्ब पडतो. कधी कधी दोष खरंच बल्बचा असतो. बऱ्याचदा मात्र उजेड वाटेत हरवलेला असतो: बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या वायरिंगमध्ये, नाहीतर बल्बपासून रस्त्यापर्यंतच्या रिफ्लेक्टर, काच आणि सेटिंगमध्ये. तो कुठे हरवला हे न पाहता खर्च करणं ही मुख्य चूक. पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

सुरुवातीला दोन गोष्टी बघा. एकाच बाजूचा दिवा मंद असेल तर त्या बाजूचा बल्ब, कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) किंवा अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतणारी जोडणी) तपासायचा. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर चार्जिंग, स्विच, वायरिंग, सेटिंग किंवा पिवळी पडलेली काच. एवढ्यावरून निम्मं काम सोपं होतं.

मल्टिमीटर न लावताच निदान करणं

हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज ५ टक्के कमी झालं तर उजेड साधारण १६ टक्के घटतो. १० टक्के कमी झालं तर जवळजवळ ३० टक्के उजेड जातो. जुन्या गाडीत करंट इग्निशन स्विच, लाइट स्विच, डिपर स्विच अशी लांबची वाट धरून बल्बपर्यंत जातो आणि वाटेतल्या प्रत्येक काळवंडलेल्या जोडावर थोडं थोडं व्होल्टेज सांडतं.

मोजायचं कसं, ते नीट सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकतं. बल्ब काढून मोकळ्या कपलरमध्ये व्होल्टेज मोजलं तर ते नेहमी चांगलंच दिसतं. करंट वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही. म्हणून बल्ब जोडलेला, इंजिन चालू आणि हाय बीम लावलेला असतानाच मोजायचं. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर बघा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. तो १२.५ च्या खाली असेल तर हेडलाइट बाजूला ठेवा आणि अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि बॅटरीची टर्मिनलं पाहा.

बॅटरी ठीक असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी कपलरच्या मागच्या बाजूने बल्बच्या हाय बीमच्या वायरला लावा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत जातंय. मग बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थची वायर यांच्यात तसंच मोजा. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, त्यामुळे हे दुसरं माप कधीच टाळू नका. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावायची गरज नाही. समजा, बॅटरीवर १४.१ आणि बल्बवर १२.४ व्होल्ट मिळाले, तर उजेडाचा जवळपास तिसरा हिस्सा वाटेतच गेला. अशा गाडीत कितीही महागडा बल्ब बसवा, तो उपाशीच जळणार.

यावर उपाय रिले किटचा. रिले म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेला न्यायची आणि तिथून बल्बला. मूळ वायरिंगकडे फक्त रिले चालू-बंद करण्याचं हलकं काम ठेवायचं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर मधल्या वायरला शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवू शकत नाही. अर्थची वायरही तेवढीच जाड घ्या आणि रंग खरवडून बॉडीच्या स्वच्छ लोखंडावर घट्ट बसवा. नव्या गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल युनिटची नजर असते. तिथे मनाने जोडाजोड केली तर एरर येतात, दिवे लुकलुकतात. अशा गाडीला जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच न्या.

मूळ वायरिंगवर १०० वॅटचा बल्ब

नेहमीचा एच४ बल्ब (लो आणि हाय बीम दोन्ही देणारा) ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे हाय बीमला १२ व्होल्टवर ५ अँपिअर. १०० वॅटचा बल्ब ८ अँपिअरच्या वर ओढतो. करंट वाढला की त्याच वायरमध्ये व्होल्टेजही जास्त पडतं, त्यामुळे अपेक्षेएवढा उजेड मिळतच नाही. उष्णता मात्र सगळी मिळते. कपलर काढून बघा: पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी, फुगलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर समजा की हे चालू आहे. रिफ्लेक्टरचा मुलामाही या उष्णतेने जळतो, आणि तो गेला की हेडलाइट कायमची कमजोर होते. शिवाय जादा वॅटचे असे बल्ब अनेक देशांत रस्त्यावर वापरायला बंदी आहे. मला विचाराल तर हा बल्ब घेऊच नका. योग्य वॅटचा, नामांकित कंपनीचा बल्ब आणि त्याला मिळणारं पुरेसं व्होल्टेज, ही जोडी जास्त उजेड देते आणि काही जाळत नाही.

निळसर काचेचे ‘पांढरा उजेड’ देणारे हॅलोजन बल्बही यातच मोजा. ती निळी छटा फिलामेंटचा पिवळा-लाल प्रकाश अडवून मिळवलेली असते. दिसायला आधुनिक, रस्त्यावर कमी.

एच४च्या जागी एलईडी टाकून निर्धास्त होणं

हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेभोवती आखलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून मिलिमीटरभर सरकली किंवा तिचा आकार वेगळा असला तरी झोत फिसकटतो. मग बंपरसमोरचा रस्ता पांढराशुभ्र होतो, मालक खूश होतो, पण लांबवर पोचणारा मधला तीव्र ठिपका पसरून जातो. वर समोरच्या चालकाच्या डोळ्यांत तिरीप जाते, ती वेगळीच.

जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी दाट वाटतो. हाय बीमचं काम लांबवर पाहण्याचं आहे. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायला चौपट तीव्रता लागते. म्हणून बदल केल्यावर ‘गाडीसमोर किती पांढरं दिसतं’ याने परीक्षा करू नका. वाहतूक नसलेल्या सरळ रस्त्यावर लांबची एखादी पाटी किंवा झाड ठरवा आणि ते आधी किती अंतरावरून दिसायचं, आता किती अंतरावरून दिसतं, ते बघा. हाय बीमसोबत फॉग लॅम्प लावून ठेवण्याची सवयही याच कारणाने सोडा.

काच बाहेरून घासायची, रिफ्लेक्टर आतून पुसायचा नाही

हेडलाइटची ‘काच’ म्हणजे बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि ती पिवळी, दुधाळ होते. टूथपेस्टने घासल्यावर काही आठवडे बरं दिसतं. टिकाऊ काम करायचं तर पाण्यासोबत ८०० किंवा १००० नंबरच्या सँडपेपरपासून २०००-३००० पर्यंत टप्प्याटप्प्याने घासा, पॉलिश करा आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट मारा. हा शेवटचा कोट टाळला तर घासलेली काच आधीपेक्षा लवकर पिवळी पडते.

रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो कपड्याने पुसला तरी निघतो किंवा चरे पडतात. आत पाणी साचून तो करपला, काळवंडला असेल तर पूर्ण हेडलाइट बदलण्यावाचून पर्याय नाही.

बल्ब तिरका बसवणं आणि सेटिंग विसरणं

नवा बल्ब लावल्यावर हाय बीम झाडांच्या शेंड्यावर किंवा बोनेटपुढेच पडत असेल तर आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. एच४च्या पत्र्याला तीन कान असतात. ते खाचेत पूर्ण बसले आणि क्लिप नीट अडकली, तरच फिलामेंट जागेवर येतं. काचेला बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण बोटांच्या तेलाचा डाग तापून बल्ब लवकर जातो.

सेटिंगसाठी टायरमध्ये योग्य हवा भरून गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डॅशबोर्डवरचं लेव्हलिंग बटण ० वर आणा. ते २ किंवा ३ वर राहिल्यामुळे झोत खाली पडतोय, हे कितीतरी वेळा कुणाच्या लक्षातच येत नाही. लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. काही हेडलाइटवर १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो (१ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली). तो असेल तर तोच पाळा. एच४ मध्ये लो आणि हाय बीम एकाच रिफ्लेक्टरमधून येतात, त्यामुळे लो नीट लावला की हाय आपोआप जागेवर येतो. लांबचं दिसावं म्हणून सगळी हेडलाइट वर करणं हा समोरून येणाऱ्यावर अन्याय आहे.

बाय-झेनॉन प्रोजेक्टर (एकाच झेनॉन बल्बसमोरची झडप हलवून लो आणि हाय बीम देणारा दिवा) असेल तर भिंतीसमोर अप्पर-डिपर करून बघा. झोताची कड हललीच नाही तर आतली झडप अडकलीय किंवा तिला करंट मिळत नाही. बल्ब बदलून त्यात काही फरक पडणार नाही, आणि झेनॉनच्या वायरिंगमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो, त्यामुळे ते स्वतः उघडू नका.

हे सगळं करूनही उजेड अपुराच वाटला, तर त्या हेडलाइटची बनावटच तेवढी आहे. अशा वेळी तुमच्याकडचे नियम पाहून मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग लॅम्पची जोडी लावा. तिचा रिले हाय बीमच्याच वायरवरून चालवा, म्हणजे डिपर दिल्याबरोबर ती जोडीही विझेल.