फॉरवर्ड होऊन आलेला फोटो कुठला आणि केव्हाचा, हे कसे शोधावे

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या दिवसांत तिकडच्या मोबाइलांवर ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांची दृश्ये फिरत होती आणि या मुलांचे अवयव काढून घेतले आहेत असा मजकूर त्यांच्यासोबत होता. दृश्ये खरीच होती. मात्र ती सीरियात दमास्कसजवळच्या घूता भागात ऑगस्ट 2013 मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरची होती. त्याच सुमारास देशभर पसरलेली मुलगा पळवण्याची एक चित्रफीत कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम चित्रित केली होती. मूळ चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. तेवढा शेवट कापून उरलेला तुकडा आपल्याकडे फिरवला गेला.

म्हणून ‘फोटो खरा की खोटा’ हा प्रश्न मी विचारत नाही. बहुतेक वेळा फोटो खरा असतो, खोटे असते ते त्याखाली लिहिलेले, किंवा त्यातला महत्त्वाचा भाग कापलेला असतो. शोधायचे असते ते कुठे, केव्हा आणि पुढेमागे काय घडले हे.

सुरुवातीला सोबतच्या मजकुराचे तीन तुकडे करा: ठिकाण, वेळ आणि कृत्य. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासायचा आहे, कारण ठिकाण बरोबर असूनही वेळ चुकीची असू शकते.

तपासणीच्या नावाखाली दिले जाणारे तीन सल्ले मात्र कायमचे बाजूला ठेवा. फोटोच्या फाइलमधील तारीख पाहा, असे सांगितले जाते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना ती माहिती गळून जाते, तेव्हा तिथे पाहण्यासारखे काही उरतच नाही. अशुद्धलेखन असेल तर बातमी खोटी समजा, हे आणखी चुकीचे, कारण गावाकडून घाईघाईने आलेल्या खऱ्या निरोपातही अशुद्धे असतात आणि खोटा मजकूर कित्येकदा अगदी नेटका असतो. संगणकाने बनवलेले चित्र हाताची बोटे मोजून ओळखा, हा सल्ला आता जुना झाला. भर रस्त्यात घडलेल्या घटनेचा दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या मोबाइलवर घेतलेला फोटो कुठे आहे का, हे पाहणे त्यापेक्षा कितीतरी भरवशाचे आहे.

शोध घेण्याचे काम सोपे आहे: फोटोवरून त्याच्या इतर प्रती शोधून देणाऱ्या गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या तिन्ही सेवांवर तो टाका आणि टिनआयवर सर्वांत जुनी प्रत आधी दिसेल अशी मांडणी निवडा. चित्रफीत असेल तर मधली, स्थिर अशी चारपाच दृश्ये थांबवून त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. फोटोवर चिकटवलेला मराठी मजकूर आधी कापून टाका, नाहीतर शोधात तोच फॉरवर्ड पुन्हा पुन्हा समोर येतो. काही सापडले नाही तर एखादी इमारत, पाटी किंवा कमान एवढाच भाग कापून शोधा, आणि तरीही हाती काही न लागल्यास चित्र आरशातल्यासारखे उलटे करून पाहा. पाट्यांची लिपी ओळखता आली तर त्या भाषेतील शब्द टाकून शोधा. गुजराती पाटीवर शिरोरेघ नसते, बांगलादेशातील वाहनांचे क्रमांक बंगालीत असतात, आणि एमएच 18 दिसले तर गाडी धुळ्याची नोंदलेली आहे, एवढ्या साध्या खुणांवरूनही पुष्कळ दूर जाता येते.

इथवर कोणीही पोहोचतो. खरी अडचण जुना फोटो सापडल्यावर सुरू होते, आणि तिथे मी स्वतः चुकलो आहे.

जुलै 2021 मध्ये कोल्हापुरात पाणी चढत असताना आमच्या भावकीच्या ग्रुपवर एका चुलतभावाने फोटो टाकला. आत्याच्या घराच्या अलीकडचा कोपरा पाण्यात बुडालेला होता. मी लगेच शोध घेतला आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरातला त्याच कोपऱ्याचा, जवळपास त्याच बाजूने घेतलेला फोटो मला मिळाला. तेच दुकान, तोच विजेचा खांब, तसेच तपकिरी पाणी. मी ग्रुपवर लिहिले, ‘हा 2019 चा जुना फोटो आहे, कोणी घाबरू नये.’ माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आत्याने खालच्या खोलीतली ज्वारीची पोती आणि शिलाई मशीन माडीवर नेण्याचे काम सकाळवर टाकले. पहाटे पाणी उंबऱ्याच्या आत आले. पोती भिजली, मशीन गेले. आत्या मला एका शब्दानेही बोलली नाही, त्यामुळे तर ते अधिकच लागले.

नंतर मी तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. दुकानाच्या भिंतीवर तांबड्या रंगाची आडवी रेघ होती आणि तिच्या शेजारी ‘2019’ असे रंगवलेले होते. मागच्या पुराचे पाणी कुठवर आले होते, याची ती खूण होती. ज्या भिंतीवर 2019 ची खूण रंगवलेली आहे तो फोटो 2019 च्या पुरात काढलेला असूच शकत नाही. मी पाण्याकडे पाहत राहिलो आणि भिंत पाहिलीच नाही.

तेव्हापासून मी दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय ‘जुना’ हा शब्द लिहीत नाही, आणि आपणही लिहू नये. नजर ज्याकडे आपोआप जाते, ते पाणी, आग, रक्त किंवा गर्दी हाताने झाकून टाका. मग दोन प्रश्न विचारा. हलणाऱ्या गोष्टी दोन्हीकडे जशाच्या तशा आहेत का? वाहत आलेला डबा, उचललेले पाऊल, उडणारा पक्षी अगदी त्याच जागी असेल तर तो एकच फोटो आहे. केवळ न हलणाऱ्या गोष्टी, म्हणजे दुकान, खांब, कमान, जुळत असतील तर सिद्ध होते फक्त ठिकाण, वेळ नव्हे. पुढचा प्रश्न असा की या न हलणाऱ्या गोष्टींत फरक कोणता पडला आहे? पाटी बदलली, भिंतीचा रंग उडाला, झाडाची फांदी छाटली, नवी केबल आली, यांतूनच काळ ठरतो. हे पाहायला दहा मिनिटे लागतात आणि ती देण्याची तयारी नसेल तर गप्प राहणे योग्य.

यासोबत तारखेचा अर्थही नीट समजून घ्यावा. एखादा फोटो 2017 मध्ये इंटरनेटवर चढवलेला सापडला, तर तो 2017 किंवा त्याआधीचा आहे, एवढेच ठरते. तो 2017 चाच आहे असे मुळीच नाही. उलट, जुनी प्रत सापडली नाही म्हणून फोटो आजचा ठरत नाही. पुराच्या फोटोबाबत आणखी एक पक्का आधार आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट मानली जाते, आणि पावसाळ्यात तेथील पातळी रोज जाहीर होते. फोटोत दिसणारे पाणी त्या दिवशीच्या आकड्याशी जुळते का, हे मी त्या रात्री पाहिले असते तर जुना म्हणण्याची घाई केली नसती.

चित्रफितीच्या बाबतीत मूळ लांबी शोधल्याशिवाय थांबू नका. तीस सेकंदांचा तुकडा हातात असेल, तर त्याआधीचे आणि नंतरचे मिनिट कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे. कराचीच्या त्या चित्रफितीत सगळा अर्थ शेवटच्या काही सेकंदांत होता.

उत्तर देताना ज्येष्ठांना आधी फोन करा. चार जणांसमोर खोडून काढले की माणूस चुकीच्या बाजूने अधिक घट्ट उभा राहतो. ग्रुपवर लिहाल तेव्हा पहिल्या वाक्यात खरी गोष्ट सांगा, जसे ‘हे दृश्य सीरियातील असून ऑगस्ट 2013 चे आहे’, आणि मूळ दुवा द्या. चुकीचा फोटो पुन्हा टाकणे भागच असेल तर त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाड तांबडी फुली मारा आणि योग्य ठिकाण व वर्ष फोटोवरच लिहा, कारण पुढे पाठवताना तुमचा खुलासा मागे राहतो आणि चित्र तेवढे जाते. आणि तुमचे स्वतःचे उत्तर चुकले असेल, तर ते त्याच ग्रुपवर, त्याच दिवशी, तुमच्या नावाने दुरुस्त करा. ज्यांनी त्यावर विसंबून काही करायचे थांबवले असेल त्यांना मात्र फोनच करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.