उठावाच्या अक्षरांतला अनुस्वार कसा टिकवला

सीएनसी राउटरवर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर) सागवानी पाटीत उठावाची देवनागरी अक्षरं कोरताना अनुस्वाराचं टिंब सारखं उडायचं. एवढ्याशा टिंबाखाली लाकडाची पकड ती किती! उभ्या कडेऐवजी उतार दिला आणि प्रश्न सुटला.

आधी 6 मिमीच्या सरळ बिटने (फिरत्या कापणाऱ्या पात्याने) अक्षरांभोवती 3 मिमी लाकूड राखून बाकीची जागा 4 मिमी खोल उतरवली. मग 60 अंशी व्ही-बिटने, म्हणजे V सारख्या निमुळत्या टोकाच्या बिटने, कडा कापल्या. टिंब वर निमुळतं, बुडाशी रुंद, म्हणून घट्ट बसतं. मात्र 4 मिमी खोलीवर हे बिट वरच्या बाजूला साधारण 4.6 मिमी रुंद कापतं. टिंब आणि शिरोरेषेतली फट तेवढी नसेल, तर तिथे खोली कमी मिळते; मी डिझाइनमध्येच फट वाढवली.

शिरोरेषा लाकडाच्या रेषांना समांतरच ठेवा. रेषांना आडवी गेली की फार लवकर तुटते.