'धीट'चं मूळ कसं शोधायचं

व्युत्पत्ती काढायला बसलं की पहिला मोह होतो शब्द फोडायचा: 'धी' म्हणजे बुद्धी, म्हणून धीट म्हणजे बुद्धीने खंबीर! ही वाट सोडा. मधला प्राकृत टप्पा दाखवता येत नसेल, तर ती व्युत्पत्ती नव्हे, नुसती कोटी.

आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, १८५७ची दुसरी आवृत्ती. मग कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश ताडून पाहा. हाती येणारं मूळ आहे संस्कृत 'धृष्ट', धातू धृष्, म्हणजे धजावणं.

आता ध्वनी तपासा. खरं काम इथेच आहे. ऋचा इ झाला, ष्टचा ट्ठ झाला आणि जोडाक्षर सुटताना मागचा स्वर लांबला: धृष्ट, धिट्ठ, धीट. एवढ्यावर थांबू नका, त्याच वाटेने आलेली भावंडं गोळा करा. पिष्टचं पीठ झालं, मुष्टीची मूठ झाली. मग धीटमध्ये ठ का नाही? इष्टकेची वीट होतानाही तो टिकला नाही, म्हणजे हे एकट्या धीटचे लाड नाहीत. हिंदीने 'ढीठ'मध्ये ठ राखला, पण अर्थ निगरगट्टाकडे नेला.

अर्थ ठरवताना वाक्यं जमवा, नुसत्या कोशावर भागत नाही. 'पोरगी धीट आहे' हे कौतुक; 'धृष्टपणे म्हणाला' ही नापसंती. 'बोलण्याचं धार्ष्ट्य करतो' म्हणणारा आधीच माफी मागून ठेवतो. त्याच धार्ष्ट्यापासून आलेलं 'धारिष्ट' मनाच्या श्लोकांत पाहा: 'मना श्रेष्ठ धारिष्ट जीवी धरावे, मना बोलणे नीच सोशीत जावे'. इथे पुढे सरसावणं नाही, सोसणं आहे. अर्थ धैर्याच्या जवळ सरकला, म्हणून धैर्य आणि धारिष्ट एकाच मुळाचे समजण्याची चूक फार होते. 'धैर्य' आलं 'धीर'पासून. त्याचा धृष् धातूशी संबंध नाही.

'हिंमत'ला संस्कृत मूळ शोधत बसू नका, तो अरबी शब्द फारसीमार्गे आला. 'साहस' मात्र जपून वाचा. 'सहस्' म्हणजे बळ, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साहस हा बळजबरीचा गुन्हा आहे. तिथला 'साहसिक' शूर नव्हे, दंडाला पात्र माणूस.